शिळं पाणी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. फादर इनास यांनी तसं स्पष्ट बजावलं होतं आणि मी मान हलवली होती. मी फारशी बोलत नाही, म्हणून त्यांना माझा भरवसा वाटला असावा.

पण परवा वाचनालयातल्या मोठ्या काचेच्या टाकीसमोर उभं राहून त्यांनी मला विचारलं, "बाय, यातले पहिले मासे कुणी सोडले गं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं...

म्हणून लिहून ठेवते.

*

"आणखी किती वेळा बदलू, फादर?"

वाचनालयाच्या दारात ब्रदर क्लेमेंट उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात रिकामी बादली. एरवी नीट बसवलेले केस कपाळाला चिकटले होते.

फादर नुकतेच रिक्षातून उतरले होते. डोळ्याचं ऑपरेशन करून ते मुंबईहून परतत होते. एका डोळ्यावर पट्टी होती आणि त्यांची पिशवी माझ्या हातात होती.

"काय बदललंस?"

"टाकीतलं पाणी. काल सगळं बदललं, आज सकाळी पुन्हा सगळं बदललं. तरी मासे मरताहेत."

"सगळं?"

"सगळं. थेंबभर ठेवलं नाही."

फादर एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहत राहिले...

इथे मला थोडं मागे जायला हवं.

ते मासे दिसायला साधेच होते. करंगळीएवढे, पोटाशी चंदेरी. पण आमच्या गावच्या बावखलातले ते शेवटचे होते.

वसईकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. आमच्या चर्चच्या मागे एक होतं. त्यावरचा रहाट मी पाहिलेला नाही. फादर सांगायचे की बैल फिरायला लागला की रहाटाची कुरकुर अख्ख्या वाडीत ऐकू यायची, आणि ती थांबली की घरातल्या बाया समजायच्या, आता माणसं जेवायला येणार. लग्न असलं की तिथूनच वाजतगाजत पाणी आणायचे.

मी पाहिलं ते बावखल शांत, हिरवं होतं. शाळेतून येताना मी तिथे थांबायचे. पाण्यावर वाकलं की आधी आपला चेहरा दिसायचा. मग तो फुटायचा आणि खालून मासे वर यायचे.

पुढे ती जागा विकली गेली आणि मातीचे डंपर यायला लागले.

बावखल बुजायच्या आधी फादरांनी गावातल्या मुलांना पाण्यात उतरवून मासे धरून आणले. वाचनालयाच्या ओट्यावर एक दगडी डोणी आहे, पूर्वी बैल तिच्यातून पाणी प्यायचे. तिच्यात मासे ठेवले. सोबत बावखलाचं पाणी आणलं, शेवाळलेले दगड आणले, तळाचा गाळसुद्धा आणला.

"गाळ कशाला, फादर?" मुलांनी विचारलं.

"घर सोडताना कुणी नुसतं अंगावरच्या कपड्यांनिशी निघतं का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावातल्या एका कुटुंबाने आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ वाचनालयाला काचेची टाकी दिली. शाळेतले दोन बाक जोडले तर होतील एवढी लांब. बावखलाचे मासे आता सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसतील, असं ठरलं. टाकीचं काम ब्रदर क्लेमेंट यांच्याकडे आलं.

धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्यांना मधलं एक वर्ष गावात राहायला पाठवतात. त्यांना आम्ही ब्रदर म्हणतो. वर्ष संपलं की गावचे फादर सेमिनरीला कळवतात, हा मुलगा धर्मगुरू व्हायला योग्य आहे की नाही.

ब्रदर क्लेमेंट योग्य आहेत याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. त्यांना स्वतःला तर मुळीच नव्हती. ते गायचे छान, बोलायचे छान. ते आल्यापासून वाचनालयात धुळीचा कण राहिला नव्हता. मी पुस्तकांना कव्हरं घालायला जायचे, तर माझी चप्पल वाकडी पडली असली तरी ते बोटाने दाखवायचे.

त्यांनी टाकी घासली. वाळू सात पाण्यांनी धुतली. पाणी भरलं आणि हवेचे बुडबुडे सोडणारी मोटर लावली. पाणी एवढं नितळ होतं की टाकी रिकामीच वाटत होती.

"झालं, फादर. सोडू मासे?"

"कुणाच्या भरवशावर?"

"पाणी स्वच्छ आहे."

"दिसतंय. त्यात कुणीच राहत नाही."

फादर स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा हातात बशी होती, बशीत ओली कोळंबी. दुपारच्या कालवणासाठी सोलून ठेवलेली. त्यांनी ती टाकीत ओतली.

"फादर!"

"सडू दे."

"मासे नसलेल्या टाकीत?"

"मासे नाहीत तोवरच."

पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. मग वास यायला लागला. पेपर वाचायला येणारे आजोबा ओट्यावर बसू लागले. महिला मंडळाच्या मार्था काकी खिडकीतून ओरडल्या, "फादर, कालवण करपतंय हो! कोकम घातलंत की नाही?"

फादर हसायचे. रोज संध्याकाळी टाकीवर नाक नेऊन म्हणायचे, "अजून नाही."

"कधी होणार?"

"वास गेला की."

"पाणी बदललं की वास जाईल."

"तसा नको. आपणहून जायला हवा."

यामागचं कारण मला पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या टीचरनी सांगितलं. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाऊन टाकणारे जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते दगडांवर, वाळूत, गाळात घर करतात. नव्या कोऱ्या टाकीत ते नसतात. आधी काहीतरी सडावं लागतं, त्यावर ते हळूहळू येतात, वाढतात. मग मासे सोडायचे.

फादरांनी हे ब्रदरांना सांगितलं नव्हतं. ब्रदरांनी विचारलंही नव्हतं.

ब्रदरांना त्या पाण्याची लाज वाटायची. "आमच्या घरी काल भरलेलं पाणी आज ठेवत नाहीत," ते मला म्हणाले. "आई पहाटे उठून कळशी, माठ सगळं ओतून घासते. शिळं पाणी केळीला, ताजं पाणी माणसाला. आणि इथे बघ... मुद्दाम नासवतोय आपण."

मी काही बोलले नाही.

मग फादर ऑपरेशनला गेले. गावचा सण तोंडावर होता. बाहेरगावचे पाहुणे येणार, वाचनालय बघणार. ब्रदरांनी टाकीत नळी घातली आणि शेवटच्या थेंबापर्यंत उपसली.

मी तेव्हा बोलले. "ब्रदर, फादर म्हणाले होते, थांब."

"फादरांचे डोळे तपासतायत ना मुंबईला? येतील तेव्हा त्यांना चांगलं दिसेल."

वाळू त्यांनी गरम पाण्याने धुतली. काच अशी पुसली की मार्था काकींनी तिच्यात बघून केस सारखे केले. नव्या पाण्यात डोणीतले सगळे मासे सोडले.

सणाच्या दिवशी ते खरंच सुंदर दिसत होते. अगदी बावखलात ऊन पडल्यावर दिसायचे तसे. म्हातारी माणसं काचेला बोट लावून म्हणत होती, "अरे, हे तर आपलेच!" कौतुकाने जो तो पावाचा चुरा टाकत होता. ब्रदर शेजारी उभे राहून सगळ्यांचे आभार मानत होते.

सण झाला. पाव टाकीच्या तळाशी तसाच राहिला. मासे वर येऊन तोंड उघडमिट करू लागले, मग आडवे होऊ लागले. ब्रदरांनी सगळं पाणी बदललं, थेट नळाचं भरलं. आणखी मेले. पुन्हा बदललं...

आणि तेवढ्यात फादरांची रिक्षा आली.

*

"आणखी किती वेळा बदलू, फादर?"

फादर आत गेले. मेलेले मासे ब्रदरांनी एका पांढऱ्या रुमालावर ओळीने ठेवले होते. टाकीत ओंजळभर उरले होते, कलंडून तरंगत होते.

"डोणी?" फादरांनी विचारलं.

"काय?"

"ओट्यावरची डोणी. ती धुतलीस का?"

ब्रदरांनी मान खाली घातली. "ती... राहिली. सणाच्या गडबडीत वेळच मिळाला नाही. उद्या धुणार होतो."

फादर मोठ्याने हसले. इतक्या मेलेल्या माशांसमोर ते हसले याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

"देवाची कृपा. तुझ्या हातून एक तरी काम राहिलं."

आम्ही उरलेले मासे डोणीत नेऊन सोडले. त्याच हिरव्या पाण्यात, त्याच गाळावर. फादर काठावर बसले. ब्रदर उभेच होते.

एक मासा सरळ झाला. मग दुसरा.

ब्रदर आत गेले आणि रुमालाची पुरचुंडी घेऊन आले. दुसऱ्या हातात कुदळ होती.

"कुठे निघालास?"

"यांना पुरतो. चिकूखाली."

"टाकीत टाक."

ब्रदरांना वाटलं, फादर रागाने बोलताहेत. "फादर... मी मारलं यांना. आता सडवूसुद्धा?"

"पुरलेस तर तुझं मन हलकं होईल. टाकीत टाकलेस तर मागे उरलेल्यांना पाणी होईल." फादरांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "कुणाचं काम करायचं, ते तू ठरव."

ब्रदर उन्हात उभे राहिले.

मग कुदळ भिंतीला टेकवून आत गेले. मासे त्यांनी एकदम नाही ओतले. एकेक करून सोडले. प्रत्येक वेळी त्यांचा हात मनगटापर्यंत पाण्यात जात होता.

फादरांनी डोणीच्या तळाचा गाळ मुठीत आणला आणि म्हणाले, "हात पुढे कर."

ब्रदरांनी हात पुढे केला. ते कधी शाईचा डागसुद्धा ठेवायचे नाहीत. फादरांनी तो काळा गाळ त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"हाही सोड."

*

रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, झाल्यावर मार्था काकींनी सगळ्यांसमोर विचारलं, "फादर, मासे मेले म्हणे! सणाच्या दिवशी तर चांगले पळत होते. असं झालं तरी काय?"

ब्रदर शेजारीच होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

"टाकी माझ्या ताब्यातली," फादर म्हणाले. "दोष माझा."

"मी म्हटलंच होतं, ती कोळंबी!" काकी म्हणाल्या. "पुढच्या वेळी मसाला तरी माझ्याकडून न्या!"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी असं व्हायचंच. फादरही हसले.

वाचनालयात आल्यावर ब्रदर म्हणाले, "मी सांगणार होतो, फादर. तोंड उघडलं होतं मी."

"दिसलं मला. एका डोळ्याने का होईना."

"मग मध्ये का बोललात?"

फादर टाकीतला बुडबुडा बघत होते. "तू एका दमात सगळं ओतून टाकलं असतंस..."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, हे इथलं इथेच. कुणाला सांगायचं नाही."

मी मान हलवली.

*

पाणी पुन्हा गढूळ झालं, पुन्हा वास सुटला. या वेळी ब्रदर टाकीशेजारीच खुर्ची टाकून अभ्यासाला बसायचे. कुणी खिडकीतून नाक दाबून टोमणा मारला तर म्हणायचे, "हो, येतोय वास." एवढंच. त्यांच्या बाहीला गाळाचा एक डाग होता, तो धुऊनही गेला नव्हता. तोच शर्ट घालून ते मुलांना धर्मशिक्षण द्यायला जायचे.

वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून बावखल दिसायचं. म्हणजे आता लाल माती दिसायची. तिच्यावर एक पिवळं मशीन पुढेमागे करायचं. एकदा ते मशीन थांबल्यावर फादरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवायला चालले." बहुतेक त्यांना रहाट आठवला असेल.

एके संध्याकाळी ब्रदर टाकीवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"फादर... वास गेला."

"कुठे गेला?"

"माहीत नाही."

"हं." फादर खूष झाले. "आता दोन मासे आण. दोनच."

ब्रदरांनी दोन आणले. पुढे काही दिवसांनी आणखी दोन. मला वाटायचं, किती हा उशीर. पण एकही मेला नाही.

मग दर शनिवारी पाणी बदलायचं काम सुरू झालं. फादरांनी काचेवर खडूने रेघ मारली. नळीने तेवढंच पाणी काढायचं, एक चौथाई. बाकीच्याला हात लावायचा नाही. नवं पाणीसुद्धा आधी पिंपात भरून, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून एक रात्र ठेवायचं, मग हळूहळू ओतायचं. काढलेलं पाणी ब्रदर मागच्या केळीला घालायचे.

पहिल्यांदा घातलं तेव्हा ते बादली घेऊन केळीपाशी थबकले आणि एकटेच हसले. "आईला सांगितलं पाहिजे," असं काहीसं म्हणाले.

पाणी बदलताना ते फादरांना बावखलाबद्दल विचारायचे. किती खोल होतं, पोहायला कुणी शिकवलं, बैलाचं नाव काय होतं. आधी त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. फादर सांगत राहायचे आणि नळीतून पाणी जात राहायचं. मी कव्हरं घालत ऐकायचे. एकच आठवण फादर दोनदा वेगवेगळी सांगायचे. एकदा बैल पांढरा असायचा, एकदा तांबडा. ब्रदरांनी त्यांना कधी टोकलं नाही. ते शनिवार मला फार आवडायचे.

*

वर्ष संपलं. ब्रदरांची बॅग ओट्यावर होती, रिक्षा यायची होती. शनिवारच होता म्हणून ते शेवटचं पाणी काढत होते. टाकीत आता सगळे मासे होते, आणि दगडाआड डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी बारीक पिल्लंही होती.

"फादर, सेमिनरीला तुम्ही काय कळवणार ते मी विचारणार नाही."

"विचारू नकोस."

नळीतून पाणी पडत होतं.

"...काय कळवलंत?"

"मासे सोडायला हरकत नाही, असं कळवलं."

ब्रदर हसायला गेले आणि त्यांना रडूच आलं. ते तसेच बादलीशेजारी खाली बसले. मी इतकी शरमले की हातातल्या पुस्तकाला दुसऱ्यांदा कव्हर घालायला लागले.

"मी योग्य नव्हतो, फादर. त्या रविवारी गप्प राहिलो, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पण मी शब्द देतो. तिकडे गेलो की हा माझा गर्व, ही घाई, लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून चाललेली ही धडपड... सगळं काढून टाकीन. मी पूर्ण बदलेन. आधीचं काही म्हणजे काही ठेवणार नाही."

फादर हळूच वाकले. पाणी खडूच्या रेघेपर्यंत उतरलं होतं. त्यांनी नळीवर अंगठा दाबला.

"पूर्ण नको रे बाबा. चौथाई."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

त्या दिवशी मला ते नीट कळलं नव्हतं. आता मी अकरावीत आहे, फादर शेजारीच शनिवारचं पाणी काढताहेत, आणि मला वाटतं, फादरांना असं म्हणायचं होतं की माणसाने

"बाय! ठेव ते लिहिणं! पाणी रेघेखाली गेलं बघ, नळी धर आधी!"